म्हातारपणी मांजर: फॉस, जॉक, हॉज आणि वयाचं गणित

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहास झाला? ना लढाई, ना तह, ना बखर. आजचा प्रश्न साधा आहे. माणसानं साठी-सत्तरी ओलांडल्यावर मांजर पाळावं का? आणि पाळायचंच तर पिल्लू आणावं, की चांगलं आठ-दहा वर्षांचं, मुरलेलं मांजर?

प्रश्न आजचा वाटतो. मुलं बाहेरगावी, आईवडील फ्लॅटमध्ये एकटे, वगैरे. पण याच प्रश्नाशी झगडलेल्या जुन्या माणसांची पत्रं, चरित्रं आणि इच्छापत्रं आपल्याकडे आहेत. सुरुवात करू एका चित्रकारापासून, जो 1874 चा पावसाळा चक्क पुण्यात काढून गेला होता.

एडवर्ड लिअर. जन्म 1812, लंडनजवळच्या हॉलोवेत. एकवीस भावंडांतला विसावा. लहानपणापासून त्याला फिट्स यायच्या आणि ते त्यानं आयुष्यभर लोकांपासून लपवलं. डायरीत त्या दिवसापुढे फक्त एक फुली मारायचा. विशी गाठण्याआधीच तो पोपटांची इतकी अप्रतिम चित्रं काढायला लागला होता की आजही पक्षीशास्त्रवाले त्यांना मान देतात. 1846 मध्ये त्यानं खुद्द राणी व्हिक्टोरियाला चित्रकला शिकवली. जगाला मात्र तो आठवतो त्याच्या अर्थहीन, मजेशीर कवितांसाठी. घुबड आणि मांजर होडीत बसून जातात, ती कविता त्याचीच. लग्न केलं नाही. एका बाईंना विचारायचं विचारायचं म्हणत शेवटपर्यंत विचारलं नाही.

साठीच्या तोंडावर तो इटलीतल्या सान रेमो या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाला. घरात तो आणि त्याचा जुना नोकर जॉर्जियो. 1872 च्या अखेरीस तिथे एक पट्टेरी पिल्लू आलं. नाव फॉस. होडीतल्या मांजराचा मूळ नमुना फॉसच, असं इंटरनेटवर तुम्हाला हमखास वाचायला मिळेल. चूक. कविता 1867 ची, फॉस 1872 चा. तारखा जुळत नाहीत, विषय संपला.

आता फॉसची शेपूट. जॉर्जियोची अशी समजूत होती की मांजराची शेपूट छाटली की ते घर सोडून जात नाही. त्यानं फॉसची शेपूट छाटली. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागची भीती आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडेही म्हणतात ना, कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला. आणि नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याची पद्धत तर गावोगावी होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॉस घरी येऊन जेमतेम वर्ष होतंय तोवर लिअर भारतात निघाला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक त्याचा मित्र, त्याचं आमंत्रण होतं. नोव्हेंबर 1873 मध्ये मुंबईला उतरला, सोबत जॉर्जियो. फॉस मागे सान रेमोतच. वर्षभर हिंडला, शेकड्यांनी चित्रं केली, आणि पावसात अडकल्यावर पुण्यात मुक्काम ठोकला. 1874 च्या जुलैत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची एक कविता छापून आली. त्यात आपले रोजचे शब्द त्यानं मुद्दाम उलटेपालटे वापरलेत. धोबी ही बसायची वस्तू होते आणि कमरबंद हा बाईला गिळणारा राक्षस. पुणेकरांनी तेव्हा वाचली असेल का, मला फार उत्सुकता आहे. पुढे सिलोनमध्ये जॉर्जियो गंभीर आजारी पडला, लिअरची स्वतःची तब्येतही साथ देईना, आणि 1875 च्या सुरुवातीला दोघं परतले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पुढची बारा-तेरा वर्षं लिअर, जॉर्जियो आणि फॉस एकत्र म्हातारे झाले. फॉस दिसायला काही खास नव्हता. जाडजूड, शेपटीच्या जागी खुंट, चेहऱ्यावर कायम धक्का बसल्यासारखा भाव. लिअरनं त्याला राजघराण्याच्या मानचिन्हांवरच्या सिंहासारखं रेखाटलं. एकात बसलेला फॉस, एकात चालणारा, एकात मागच्या पायांवर उभा, एकात नाचणारा. मित्रांना पत्र लिहिलं की कोपऱ्यात गोल चष्म्याचा, गोल पोटाचा लिअर आणि शेजारी गोल पोटाचा फॉस.

मग घरासमोर एक मोठं हॉटेल उभं राहिलं. समुद्र दिसेना, आणि पांढऱ्या भिंतींवरून येणाऱ्या झळाळीमुळे स्टुडिओतला उजेड बिघडला. लिअरनं त्याच गावात दुसरी जागा घेऊन नवं घर बांधलं आणि 1881 मध्ये तिथे राहायला गेला. असं सांगतात की नव्या घराचा नकाशा त्यानं जुन्यासारखाच करून घेतला, फॉसला परकं वाटू नये म्हणून. मला विचाराल तर यात फॉसइतकंच लिअरचंही कारण असावं. सत्तरीत दिव्याची जागा बदललेली कोणाला आवडते?

1883 मध्ये जॉर्जियो गेला. सत्तावीस वर्षांची सोबत होती ती. मग 1887 मध्ये फॉस गेला. लिअरनं त्याला बागेत पुरलं आणि वर इटालियन मजकूर कोरलेला दगड बसवला. एका मित्राला पत्रात कळवलं की तीस वर्षं हे मांजर माझ्या एकटेपणाचा भाग होतं. तीस? फॉस 1872 चा होता हो. गेला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. लिअरच्या डोक्यात मात्र ते दुप्पट झालं होतं. मला वाटतं त्यानं जॉर्जियोची वर्षंही नकळत फॉसच्या खात्यात जमा केली. काही महिन्यांतच, 29 जानेवारी 1888 ला, लिअर गेला. वय पंच्याहत्तर. अंत्ययात्रेला जुन्या मित्रांपैकी कोणीही पोचू शकलं नाही.

एक गणित करू. मांजराचं वय माणसाच्या वयात मोजायचा डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशोब असा: पहिली दोन वर्षं मिळून चोवीस, आणि पुढे दर वर्षाला चार. दहा वर्षांचं मांजर म्हणजे छप्पन्न, बारा वर्षांचं म्हणजे चौसष्ट. पंधरा वर्षांचा फॉस म्हणजे शहात्तर. पंच्याहत्तरचा माणूस, शहात्तरचं मांजर. लिअरचं गणित योगायोगानं बरोबर आलं होतं.

आता याच्या उलट केस. 30 नोव्हेंबर 1962. विन्स्टन चर्चिलचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. त्याचा जुना खासगी सचिव जॉन कोलव्हिल, ज्याला सगळे जॉक म्हणायचे, त्यानं एक मांजर भेट दिलं. केशरी रंग, छातीवर पांढरा डाग, चारही पाय पांढरे. भेट देणाऱ्याच्याच नावावरून त्याचं नाव जॉक. चर्चिलला ते मांडीवर लागायचं. जानेवारी 1965 मध्ये चर्चिल गेला, तेव्हा जॉक ऐन तारुण्यात होता. मग काय झालं? चार्टवेल हे चर्चिलचं घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे होतं आणि कुटुंबाची इच्छा अशी की या घरात कायम एक केशरी मांजर असावं, पांढऱ्या छातीचं, पांढऱ्या पायांचं, नाव जॉक. त्यामुळे जॉकची सोय झाली. त्याच्यानंतर दुसरा जॉक आला, मग तिसरा. 2020 मध्ये सातवा जॉक रुजू झाला. अक्षरशः रुजू, कारण ही एक पोस्ट आहे.

छान आहे. पण आपल्यामागे नॅशनल ट्रस्ट नसतो.

माझी एक आत्या सांगलीला राहते. बहात्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. काका गेल्यावर आम्ही भावंडांनी ठरवलं की आत्याला एक मांजराचं पिल्लू द्यायचं. फोटोबिटो काढून ग्रुपवर टाकले. आत्याचा फोन आला. म्हणाली, "बाळा, पिल्लू पंधरा वर्षं जगणार. मी सत्त्याऐंशीची होईन तेव्हा. तोवर मी असले तर छानच. नसले तर? तुम्ही सगळे येणार, तेरावं करणार, भांडी वाटून घेणार, आणि मांजराला कोणीतरी पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडून येणार." मी म्हटलं, "अगं आत्या, असं काय बोलतेस?" ती म्हणाली, "शेजारच्या काकूंच्या मांजराचं हेच झालं, मी पाहिलंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही इंजिनियर लोक सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअरवर मोठमोठ्या मीटिंगा घेतो, म्हणजे एक भाग बंद पडला की सगळी सिस्टिम कोलमडते तो प्रकार. आत्या न शिकता तेच सांगत होती.

सहा महिन्यांनी तिनं स्वतःच मांजर आणलं. गल्लीतले एक आजोबा मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते, तिथे मांजर चालणार नव्हतं. त्यांचा नऊ वर्षांचा बोका तिनं ठेवून घेतला. पहिले चार दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही. आत्या जमिनीवर वाटी ठेवायची आणि मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पाचव्या दिवशी तो पेपरवर येऊन बसला, म्हणजे आत्या वाचत असलेल्या पानावरच.

आत्याच्या गणितात भूतदयेपेक्षा हिशोब जास्त आहे, आणि मला तोच पटतो. बहात्तर वर्षांची बाई आणि नऊ वर्षांचा बोका यांचे उरलेले दिवस साधारण एका मापाचे. शिवाय मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच माहीत असतो. पिल्लू रात्री दोन वाजता पडद्यावर चढतं, पायात घुटमळतं, आणि सत्तरीत पायात घुटमळणारं मांजर म्हणजे खुब्याचं ऑपरेशन होऊ शकतं.

मग इतकी सोपी गोष्ट लोकांना आधी का सुचली नाही? कारण मोठं, बेवारस मांजर मिळण्याची जागाच नव्हती. पिल्लं शेजाऱ्याकडे मिळायची. मोठी मांजरं एक तर कोणाची तरी असायची, नाही तर रस्त्यावर. 1860 मध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनमध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी एक आसरा काढला. जागा कुठली, तर हॉलोवे, लिअरचं जन्मगाव. लोकांनी तिची थट्टा केली. 1871 मध्ये तो बॅटरसीला हलला आणि 1883 पासून तिथे मांजरंही घ्यायला लागले. जॉर्जियो गेला तेच साल. 1927 मध्ये खास मांजरांसाठी काम करणारी कॅट्स प्रोटेक्शन लीग निघाली.

आणि दुसरं कारण आहे माती. खरंच. 1947 मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाकडे एक शेजारीण वाळू मागायला आली. तेव्हा घरातल्या मांजरासाठी खोक्यात वाळू किंवा चुलीतली राख घालत. राखेनं घरभर काळे पंजे उमटायचे. लोवच्या घरच्या धंद्यात तेल शोषून घ्यायला भाजलेल्या मातीचे दाणे असायचे, त्यानं तेच दिले. ही माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी मातीच. शेजारणीला इतकी आवडली की लोवनं पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून वर किटी लिटर असं नाव लिहिलं. वाळू जवळपास फुकट मिळत असताना माती विकत कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला, तर यानं पहिल्यांदा पिशव्या फुकट वाटायला सांगितल्या. (स्टार्टअपवाल्यांनो, फ्री ट्रायल.) या मातीमुळे मांजर चोवीस तास घरात राहू शकायला लागलं. गाड्या, कुत्री, मारामाऱ्या यांपासून वाचलं. घरातली मांजरं पंधरा, अठरा, कधी वीस वर्षं जगायला लागली. म्हाताऱ्या मांजरांची एवढी मोठी संख्या ही गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतली गोष्ट आहे.

त्याबरोबर म्हाताऱ्या मांजरांचे आजारही दिसायला लागले. मूत्रपिंडं थकतात, दात किडतात, सांधे धरतात. मांजरांमध्ये थायरॉइड वाढण्याचा आजार, जो आज दहा-बारा वर्षांच्या मांजरांत नेहमीचा समजतात, त्याचं नीट वर्णन पहिल्यांदा 1979 मध्ये झालं. मांजर दुखणं दाखवत नाही. पाणी जास्त पितंय, खातंय तरी वाळतंय, नेहमीच्या कट्ट्यावर उडी मारत नाही, एवढ्याच खुणा. म्हणून मोठं मांजर घेणाऱ्यानं वर्षातून दोनदा तपासणीचे पैसे बाजूला ठेवावेत. मांजर फुकट मिळतं, त्याचं म्हातारपण फुकट मिळत नाही.

आणि हे सगळं करणार कोण, हा प्रश्न अठराव्या शतकातल्या एका माणसानं फार नीट ओळखला होता. डॉ. सॅम्युअल जॉन्सन, 1755 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता. बायको 1752 मध्ये गेली. नंतर त्यानं घरात कोणाकोणाला आसरा दिला, तर एक अंध कवयित्री, गरिबांना औषधं देणारा एक बिनपदवीचा वैद्य, आणि जमैकात गुलामगिरीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर, जो आधी नोकर होता आणि पुढे जॉन्सनचा वारस झाला. आणि हॉज नावाचं मांजर. जॉन्सनचं चरित्र लिहिणारा बॉस्वेल 1763 मध्ये त्याला पहिल्यांदा भेटला. बॉस्वेलला मांजरांचा तिटकारा, खोलीत मांजर असलं की तो अस्वस्थ व्हायचा. तरीही त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की हॉज जॉन्सनच्या छातीवर चढायचा आणि हा हसत, अर्धवट शीळ घालत त्याची पाठ चोळायचा. एकदा जॉन्सन म्हणाला की याच्याहून आवडती मांजरं माझ्याकडे होऊन गेलीत. मग हॉजला वाईट वाटलं असेल असं वाटून त्यानं लगेच घाईघाईनं त्याची स्तुती केली.

हॉजला कालवं आवडायची. तेव्हा लंडनमध्ये कालवं हे गरिबांचं, स्वस्तातलं खाणं. घरात नोकर असूनही कालवं आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जायचा. का? नोकरांना हे काम लावलं तर त्यांना हेलपाट्यांचा राग येईल आणि तो मुक्या जिवावर निघेल. बघा, इथे मांजरावर प्रेम आहेच, पण त्याहून जास्त घराची समज आहे. आजी-आजोबांना मांजर हवं असतं, आणि त्याची माती बदलणं कामवाल्या मावशींच्या किंवा सुनेच्या गळ्यात पडतं. मग मांजर घरात आवडेनासं होतं. लंडनच्या गफ स्क्वेअरमध्ये जॉन्सनच्या जुन्या घरासमोर 1997 पासून हॉजचा पुतळा आहे. शब्दकोशावर बसलाय, शेजारी रिकामे शिंपले.

राहिला आत्याचा प्रश्न. मी गेल्यावर काय? ब्रिटनमध्ये 1985 पासून सिनॅमन ट्रस्ट ही संस्था वृद्धांच्या आणि आजारी माणसांच्या प्राण्यांची जबाबदारी घेते. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर लिअर गेल्यानंतर वर्षभरातच, 1889 मध्ये, इंग्लंडच्या कोर्टात एक खटला गाजला. डीन नावाच्या माणसानं घोड्यांसाठी आणि शिकारी कुत्र्यांसाठी वर्षाला 750 पौंड ठेवले होते, आणि कोर्टानं ते वैध ठरवले. आपल्याकडे 1882 चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट आहे, त्यात लाभार्थी म्हणजे मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती. मांजर त्यात बसत नाही. म्हणजे मांजराच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, सांभाळणाऱ्या माणसाच्या नावावर ठेवावे लागतात. 2024 मध्ये रतन टाटा गेल्यावर त्यांच्या इच्छापत्रात टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. आत्याचं इच्छापत्र वगैरे नाही. तिनं कॅलेंडरच्या मागे दोन नावं आणि फोन नंबर लिहून ठेवलेत, आणि त्या दोघांना आधी विचारलंय.

पण कागद केला म्हणजे झालं असंही नाही. शेवटची गोष्ट कैरोची. मामलुक सुलतान बैबर्स 1277 मध्ये वारला. त्यानं कैरोच्या उत्तरेला, आपल्या मशिदीजवळ, एक बाग बेवारस मांजरांसाठी ठेवली होती. 1830 च्या दशकात एडवर्ड लेन नावाचा इंग्रज विद्वान कैरोत राहत होता. त्यानं लिहून ठेवलंय की विश्वस्तांनी नादुरुस्तीचं कारण सांगून ती बाग विकली, घेणाऱ्यांनी पुढे विकली, अशी अनेकदा विकली गेली, आणि शेवटी मांजरांच्या वाट्याला वर्षाला फक्त पंधरा कुरुश उरले. अशा सगळ्या धर्मादाय देणग्यांचा पालक काझी. त्यामुळे साडेपाचशे वर्षांनंतरही कैरोच्या काझीला स्वतःच्या खिशातून रोज दुपारी कोर्टाच्या अंगणात मांजरांना मांस घालावं लागायचं. लेनच्या काळात त्यातही टाळाटाळ सुरू झाली होती. आणि शहरात कोणाला घरचं मांजर नको झालं, की तो सरळ त्याला काझीच्या त्या अंगणात नेऊन सोडायचा.